नवऱ्याला पाठ असलेलं गाणं

परदेशात आल्यावर ग्लेन वेव्हर्लीत आम्ही घर घेतलं ते तिथल्या चांगल्या शाळेसाठी, आणि लेकीला चर्चच्या शुक्रवारच्या ग्रुपला घातलं, कारण तिथे दारू नव्हती. बाकीच्या आयांना मुलं पार्टीत काय करत असतील याचा घोर लागलेला असायचा. माझी लेक गिटार वाजवत बसलेली. मी निर्धास्त होते, थोडी मिरवतही होते.

तीच लेक शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि एका दुपारी जेवताना म्हणाली, "मम, आय ॲम गोइंग टू पापुआ न्यू गिनी. मिशनचं हॉस्पिटल आहे. दोन वर्षं." बाप्तिस्मा गेल्या वर्षीच झाला होता, हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. मी आमटीचा डाव हातात धरून ऐकत राहिले. नवरा मान खाली घालून भात कालवत होता. त्यालाही धक्का बसलाय, असं मला वाटलं. बिचारा, म्हटलं.

तिच्या निरोपाच्या प्रार्थनेला आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो. मी मुद्दाम पैठणी नेसले होते. माझी लेक काही बिनआईबापाची नाही, हे त्या लोकांना दिसू दे. दारातल्या बाईंनी माझं हसून स्वागत केलं, नाव विचारलं. नवऱ्याला त्यांनी काहीच विचारलं नाही. "गुड टु सी यू अगेन," एवढंच म्हणाल्या.

मग गाणं सुरू झालं. शब्द समोरच्या पडद्यावर होते, पण नवरा पडद्याकडे बघतच नव्हता. गाणं त्याला पाठ होतं. गणपतीत ज्याला आरतीचं पुस्तक हातात लागतं, तो माणूस डोळे मिटून इंग्रजी भजन म्हणत होता.

परतताना गाडीत मी विचारलं, "रविवारी तू रानात भटकायला, बुशवॉकला जायचास ना?"

"तिने बोलावलं होतं. मी नुसता शेजारी बसायचो गं."

"बाप्तिस्म्यालाही होतास?"

"हो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"ती म्हणाली, आई काही यायची नाही. उगाच घरात तमाशा नको."

लेकीने देव बदलला याचा राग होताच. पण हे फार लागलं. मी गेले असते की नसते, मला खरंच माहीत नाही. त्या दोघांनी माझा नकार माझ्याआधीच देऊन टाकला होता.

ती निघाली त्या सकाळी मी तिच्या हातावर दही घातलं. देवघराकडे ती वळली नाही. तळहातावर दही तसंच धरून तिने डोळे मिटले, तिच्या देवाशी काहीतरी पुटपुटली आणि मग खाल्लं. "येते, आई," म्हणाली. नवरा बॅगा गाडीत भरत होता. मी एअरपोर्टला गेले नाही.

ती दोघं गेल्यावर देवापुढे बसले. तिला सुखरूप ठेव म्हणायला गेले आणि अडखळले. ते काम तिने दुसऱ्यावर सोपवलं होतं. तरी मागितलंच, लेक माझी आहे. एरवी रोज तिच्यासाठी मागून झालं की नवऱ्यासाठी मागायचे. त्या दिवशी मागितलं नाही. अजूनही मागत नाही.