भावानं घ्यायला लावलेले शेअर

सख्खा भाऊ नाही मला. धुळ्याला माहेरी शेजारच्या घरातल्या मुलाला राखी बांधायचे, तोच भाऊ. पुढे त्यानं चष्म्यांचं दुकान टाकलं, मी नर्स होऊन जळगावला आले, पण राखीला धुळ्याची बस कधी चुकवली नाही.

चष्म्याच्या काचेवर उजेड चमकू नये म्हणून कोटिंग देतात. त्याचं साहित्य बनवणारी एक छोटी कंपनी होती, भाऊ तेच कोटिंग दिलेल्या काचा विकायचा. आमच्या अहिराणीत म्हणाला, "अक्का, कंपनी चांगली शे. शेअर ले आनि इसरी जाय." मला शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज ती काच हाताळणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? निवृत्तीच्या पैशातून घेतले. माझा चष्माही त्याच काचेचा. मैत्रिणींना काढून दाखवायचे, म्हणायचे, ही माझी कंपनी बरं का!

एका मे महिन्यात चष्मा स्कूटीच्या डिकीत राहिला. जळगावचं ऊन ते! संध्याकाळी बघते तर काचेवर बारीक तडेच तडे. भावाला फोन लावला. "तुनीच चूक शे, अक्का," तो हसला. मलाही तसंच वाटलं. शेअर तेव्हा घसरत होता, म्हणून विचारलं, काय करू? "घाबरू नको. सस्ता शे, आखो ले." मी आणखी घेतले. होती नव्हती ती एफडी मोडून घेतले.

यंदा राखीला दुकानात गेले तेव्हा भाऊ पेढे आणायला बाहेर पडला होता. काउंटरवर वहिनी. तिला म्हटलं, "नवा चष्मा करायचाय, आपल्याच कंपनीची काच घाला."

"अहो अक्का, ती कधीच बंद केली आम्ही. आपल्याकडच्या उन्हात ते कोटिंग टिकतच नाही, गिऱ्हाइकं भांडायला यायची. यांनी तर शेअरही सगळे विकून टाकले."

"कधी?"

"तुमचा चष्मा स्कूटीत तडकला ना, त्याच उन्हाळ्यात."

तेवढ्यात भाऊ आला, पेढे ठेवले, समोर बसून मनगट पुढे केलं. मी म्हटलं, "तू स्वतः विकत होतास आणि मला घे म्हणत होतास?"

त्यानं वहिनीकडे बघून मनगट मागे घेतलं. मग गिऱ्हाइकाशी बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाला, "अक्का, तुम्ही समजून घ्या. छोट्या कंपनीचे शेअर घ्यायला कोणी नसतं. कोणीतरी घेतल्याशिवाय माझे निघाले नसते."

कोणीतरी! मी कोणीतरी! अरे मेल्या, अडचण सांगितली असतीस तर बांगड्या काढून दिल्या असत्या. राखी मी पर्समधून काढलीच नाही. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती, तिच्याशीही बोलले नाही. सरळ बसस्टँड गाठलं आणि पारोळ्यापर्यंत रडत आले.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "अक्का, शेअर वर चढना. आते इकी टाक."

विकून टाक म्हणे! पुन्हा तीच बोली, पुन्हा तोच लाडिक आवाज. खरं सांगत असेल, चूक उमगली असेल. नाहीतर आता त्यालाच परत हवे असतील. पूर्वी असलं काही माझ्या मनातही आलं नसतं. मी फोन ठेवला.

शेअर विकले नाहीत. विकले, तर ते कोणी घेतले हे मला कधीच कळणार नाही.