गिरणीचा भोंगा आणि हिराचं दूध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही, आणि ते ठाण्याच्या कोर्टात वकील होते, समोरच्याच्या तोंडून काय काढायचं ते त्यांना बरोबर कळायचं. मुलीला तर नाहीच, ती स्वतः डॉक्टर आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर या विषयावर माझी जीभ अजून वळत नाही.

एके काळी ठाण्यात मला "दुधाची डॉक्टरीण" म्हणायचे. कल्याणहून, डोंबिवलीहून, दिव्याच्या पुढच्या गावांतून बाळंतिणी माझ्याकडे यायच्या. अंगावर दूध येत नाही, पुरत नाही, बाळ धरत नाही. मी त्यांना एक बाटली द्यायचे आणि दूध यायचं. खरंच यायचं. त्या बाटलीबद्दल पुढे सांगेनच. पण आधी घड्याळाबद्दल सांगायला हवं, कारण सुरुवात तिथून आहे.

स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. मी मुंबईहून शिकून आले होते आणि ठाण्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर चार खाटांचं प्रसूतिगृह थाटलं होतं. आम्हाला जे पुस्तक शिकवलं ते विलायतेत छापलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं — बाळाला चार चार तासांनी पाजावं, मध्ये रडलं तर रडू द्यावं, रात्री मुळीच पाजू नये. नाहीतर बाळाला वाईट सवय लागते आणि पोट बिघडतं. मी ते घोकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळवले होते. त्यावर शंका घ्यायचं मला सुचलंच नाही. आणि खरं सांगू? ते मला आवडायचंही. नियम म्हटला की मला बरं वाटतं. अजूनही वाटतं.

हिरा कळव्याची. खाडीच्या पलीकडे मिठागरांच्या कडेला त्यांची वस्ती, नवरा आणि दीर दोघे मिठागरावर. तिकडच्या बायका तेव्हा बाळंतपणाला दवाखान्यात येत नसत. हिराला आणली ती अडलेली म्हणून, तीही सगळे उपाय थकल्यावर. चिमटा लावून मी मुलाला बाहेर काढलं. दोघंही वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने माझा हात धरला तो सोडेचना. त्या दिवसापासून मी जे बोलेन ते तिला प्रमाण झालं. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट चांगलंच वाटलं.

तिची सासू मात्र वेगळी. बाळंतपणानंतर पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला गुळाचं पाणी द्यायचं, ही त्यांची रीत. चीक म्हणजे अगदी पहिलं, पिवळसर दाट दूध. मी सासूला सगळ्यांसमोर झापलं. चीक टाकायचा नाही, तोच बाळाला पाजायचा, म्हणून बजावलं. म्हातारी पुटपुटत गप्प बसली. तिथे मी बरोबर होते, आजही तेच सांगेन. पण त्याच दमात मी घड्याळाचा नियमही सांगितला. म्हातारी म्हणाली, "पोर रडल तवा पाजाचा. त्याला येल कसली?" यावरही मी तिला त्याच आवाजात गप्प केलं. एकदा जिंकल्यावर माणूस दुसऱ्या वेळी विचार करत नाही.

घड्याळ त्यांच्या घरी नव्हतं. मग मला एक युक्ती सुचली — आणि त्या युक्तीवर मी बेहद्द खूश होते. ठाण्यातल्या एका गिरणीचा भोंगा खाडी ओलांडून कळव्यापर्यंत ऐकू जायचा. पाळी बदलताना आणि मधल्या सुट्टीला तो व्हायचा. वेळा अगदी चार तासांच्या नव्हत्या, पण जवळपास जमत होत्या. मी हिराला म्हटलं, भोंगा झाला की पाज. भोंगा झाल्याशिवाय नाही, कितीही रडला तरी नाही. तिने मान डोलावली. दुपारी यजमान जेवायला घरी आले तेव्हा मी त्यांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, आता गिरणीवाल्याने तुझ्याकडे कमिशन मागितलं तर? आम्ही दोघंही खूप हसलो.

महिनाभराने मुलाला परत आणलं. हिरा, सासू आणि मोठी जाऊ. जावेच्याही कडेवर मूल होतं, सहासात महिन्यांचं, गुबगुबीत. हिराच्या मुलाला मी काट्यावर ठेवलं. जन्मला तेव्हापेक्षा त्याचं वजन कमी भरलं होतं. टाळू खोल गेली होती, मांड्यांची कातडी लोंबत होती. रडतही नव्हता धड. सासूने तोंड उघडायच्या आत मी हिराला विचारलं, भोंग्यावर पाजत होतीस ना?

ती म्हणाली, "पाजत व्हते बाय. पन वारा फिरला ना. भोंगा आयकाला नाय आला, मंग कशी पाजू?"

दिवाळीनंतर तिथला वारा फिरतो. कळव्याकडून ठाण्याकडे वाहायला लागतो आणि ठाण्याचा आवाज कळव्याला पोचत नाही. मी ठाण्यात राहत होते, मला हे माहीत असायला हवं होतं. त्यात रविवारी गिरणी बंद, म्हणजे भोंगा मुळातच नाही. आणि ही बाई मूल मांडीवर घेऊन, कान ठाण्याकडे लावून बसून राहायची. सासू ओरडायची, "अगो, पाज त्याला." ही पाजायची नाही, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझ्या शब्दासाठी ती घरात भांडत होती. रविवारी तिने काय केलं असेल? माझा नियम मोडून पाजलं असेल का कधी? मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की तेव्हा मला कळलं नव्हतं. कळलं होतं. समोर सासू होती, कमरेवर हात ठेवून. माझ्या टेबलापाशी आणखी दोघी गरोदर बायका बसल्या होत्या. "चूक माझी झाली, याला रडेल तेव्हा पाज" एवढंच वाक्य बोलायचं होतं. लहानसं वाक्य आहे, नाही का?

मी म्हटलं, हिचं दूध पातळ आहे. बाळाच्या अंगी लागण्यासारखं नाही.

सासूने एक सुस्कारा टाकला. रागाचा नव्हता तो, सुटल्यासारखा होता. सुनेत खोट निघाली की घरातलं कोडं सुटतं. मी जावेला म्हटलं, तुझ्या अंगावर चांगलं दूध आहे, तू याला घे. तिने लगेच पदर सारून त्याला जवळ घेतलं. मूल चुटूचुटू ओढायला लागलं. त्या आवाजासरशी हिराची चोळी दोन्ही बाजूंनी भिजली. माझ्या डोळ्यांसमोर भिजली. तिने पदर ओढून घेतला, लाजून, जणू काही गैर झालं होतं. मी ते पाहिलं आणि तिला सांगितलं, घट्ट फडकं बांध, आठवड्याभरात आटेल.

मूल जगलं. जावेच्या दुधावर बाळसं धरलं. वस्तीत माझं नाव झालं, डॉक्टरीणबाईंनी बरोबर ओळखलं म्हणून. मिठाची एक पाटी आणि वालाची एक पिशवी घरी आली. मी ती ठेवून घेतली.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. पहिल्या दिवशी मी टेबलावर घड्याळ मांडलं. ती रडायला लागली आणि मी घड्याळाकडे पाहत बसले. किती वेळ बसले असेन? फार नाही. मला ते सोसेना. मी तिला उचलून जवळ घेतलं, आणि त्यानंतर तिने मागितलं तेव्हा तेव्हा पाजलं. दिवसा पाजलं, रात्रीही पाजलं. ती चांगली वाढली, पोट कधी बिघडलं नाही. म्हणजे उरलीसुरली शंकाही गेली. मग मी बाळंतिणींना सांगायचं बदललं. चार तासांचं नाव घेणं बंद केलं. कुणी विचारलं नाही, मीही कारण दिलं नाही. आपलं मूल होतं म्हणून मला सोसलं नाही, आणि हिराला मात्र मी सोसायला सांगितलं होतं. हा विचार आला की मी पटकन उठून काहीतरी कामाला लागायचे.

कळवा काही लांब नव्हतं. पूल ओलांडला की आलं. मी गेले नाही.

हिरा दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर आपण होऊन आली. पोट हातभर पुढे, चेहरा हसरा. बसली आणि म्हणाली, "बाय, माज्यात तं दूध नाय. या वक्ताला डब्याचा लिवून द्या." अगदी सहज म्हणाली, आपला उजवा पाय आखूड आहे असं एखादी सांगेल तसं. पोटातल्या मुलाला जवळही घ्यायचं नाही, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. डब्याचं दूध म्हणजे त्यांच्याकडच्या विहिरीचं पाणी, उकळलं न उकळलं कोण बघतं. पावसाळ्यात अशी किती मुलं जुलाबांनी जायची ते मला ठाऊक होतं. गप्प राहणं शक्य नव्हतं.

आता तरी सांगायचं ना? खोलीत आम्ही दोघीच होतो. सासूही नव्हती.

मी कंपाउंडरला बोलावून शतावरीचं पाक घातलेलं औषध करायला सांगितलं. रंग छान लाल आला. बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, हे नवीन औषध आहे, याने दूध सुधारतं. बाळ झाल्यावर सकाळ-संध्याकाळ घे. आणि बाळ रडेल तेव्हा पाज, भोंग्याकडे बघू नकोस, या औषधाला भोंगा चालत नाही. तिने ती बाटली कपाळाला लावली.

मुलगी झाली आणि अर्थातच हिराला भरपूर दूध आलं. येणारच होतं. पण आलं ते बाटलीमुळे. म्हणजे पहिल्या वेळी दूध खराब होतं हे आता पक्कं झालं, माझ्या औषधाने सिद्धच केलं. पुढच्या महिन्यात तिच्या वस्तीतल्या दोघी बाटली मागायला आल्या. मग कल्याणच्या आल्या, डोंबिवलीच्या आल्या. प्रत्येकीला मी बाटली दिली आणि सोबत सांगितलं, रडेल तेव्हा पाज. सल्ला योग्य होता आणि त्या आनंदाने ऐकायच्या, कारण तो औषधाबरोबर मिळायचा. मुलं सुधारली, हे खरं आहे. त्याचं श्रेय मी घेतलं. अशी मी दुधाची डॉक्टरीण झाले.

आणखी काही वर्षांनी, पन्नासचं दशक संपत आलं असताना, हिराच्या त्या पहिल्या मुलाला घेऊन दोघी आल्या. हिरा आणि जाऊ. नारायण त्याचं नाव. मिठागरात पाय कापला होता, जखम खोल होती, टाके घालायला हवे होते. मी सुई हातात घेतली तसा तो "आये, आये" करून जावेच्या गळ्यात पडला. हिराने त्याचा दुसरा पाय धरला. तो तिला म्हणाला, "काकी, सोर ना."

काकी. जावेचा मुलगा तिला काकी म्हणायचा, त्याच्याबरोबर वाढून यालाही तेच तोंडी बसलं होतं. घरात कुणी बदललं नसावं. माझा हात थांबला. हिराच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती मलाच धीर दिल्यासारखी हसली. म्हणाली, "तिच्याच दुधाचा हाय ना तो, बाय. माज्या दुधानं तं मेला असता. तुमी सांगलाव म्हनून वाचला."

मी टाके घातले. पट्टी बांधली. पाय भिजवू नका म्हटलं, आठ दिवसांनी दाखवायला आणा म्हटलं. त्या निघाल्या. जावेने मुलाला कडेवर घेतलं होतं, सात-आठ वर्षांचा घोडा, पाय खाली लोंबत होते. हिरा त्याची टोपी हातात घेऊन मागून चालली होती. मी जिन्यापाशी उभी राहून पाहत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

हिरा गेली, बरीच वर्षं झाली. बातमी मला दवाखान्यातल्या आयाकडून कळली. मी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते आणि कुणाला?

तिचं दूध पातळ नव्हतं. खराब नव्हतं, कमी तर नव्हतंच. त्या दिवसांत वारा उलटा होता, आणि भोंग्याशिवाय पाजू नकोस असं मी तिला सांगितलं होतं.