औषध जास्त घेतलं

सेजल उतेकर घरी आली ती नापास होऊन, आणि हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. उमरठच्या वरच्या अंगाला जी लहानशी वाडी आहे, तिथल्या लोकांच्या लेखी ती डॉक्टर होऊन चुकली होती. आली त्याच संध्याकाळी शेजारच्या राहीबाईने ओट्यावर बसून पाय पुढे केला. "बघ गो, ह्यो गुडघा असा का वाजतो?" सेजलने गुडघा दाबून पाहिला आणि शेक घ्यायला सांगितलं. त्या गुडघ्यातल्या कोणत्या अस्थिबंधाला काय म्हणतात ते तोंडी परीक्षेत तिला आठवलं नव्हतं. आताही आठवलं नाही.

आईवडील मुंबईत. तिला वाढवलं हैबतीकाकाने आणि तुळसाकाकीने. बारावीला मेडिकलच्या परीक्षेत गुण कमी पडले म्हणून ती महाडच्या कॉलेजात बीएस्सीला गेली आणि तिथे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या प्रेमातच पडली. बाकीची मुलं त्या पेपरला टरकून असायची. सगळ्या अभिक्रिया पाठ करायला बसायची आणि परीक्षेत एकीचं शेपूट दुसरीला जोडून यायची. सेजलने पाठांतर केलंच नाही. सर म्हणायचे, इलेक्ट्रॉन कुठे दाटलेत आणि कुठे कमी आहेत एवढं बघा, पुढचं तुमचं तुम्हालाच दिसेल. तिला दिसायचं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा एक वाकडा बाण काढला की त्याच्या टोकाला दुसरा बाण उभा असायचा, आणि पानाच्या तळाशी पदार्थ तयार. जगात कशालातरी कारण आहे, आणि ते आपल्याला शोधता येतं, या गोष्टीने तिला तीन वर्षं आनंदात ठेवलं.

बीएस्सी संपल्यावर तिने पुन्हा परीक्षा दिली आणि घाटावरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला. वाडीतला जीपवाला भरत म्हणाला होता, "पदवी झाली, आता कंपनीत लागायचं, तर ही परत फर्स्ट इयरला! गाडी रिव्हर्समधीच चालवतेस काय गो?" तेव्हा सगळे हसले होते. सेजलही.

तिथे बाण नव्हते. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं तिच्यापुढे उघडून ठेवलं होतं आणि तिने विचारलं होतं, ही नस इथेच का फुटते? शिकवणाऱ्या मॅडम दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "का ते नंतर. आधी कुठून निघते, कुठे जाते, कापली तर काय लुळं पडतं ते सांग." एका नावावरून दुसरं नाव काढता येत नव्हतं. ऑर्गॅनिकमध्ये थोडं लक्षात ठेवून बरंच काढता यायचं. इथे सगळं लक्षात ठेवावं लागे, तेही समोरचा बोट ठेवील तिथून. दिवसाला पुस्तकाचा एक लठ्ठ तुकडा संपवायचा, दुसऱ्या दिवशी नवा. ती मागे पडली, मग फार मागे पडली. शरीररचना आणि शरीरक्रिया, दोन्ही विषय राहिले. फक्त बायोकेमिस्ट्रीत ती वर्गात पहिली आली. फेरपरीक्षा जवळ आली होती, आणि आपण तिला बसायचं नाही, हे ठरवून ती घरी आली होती. सांगायचं कसं, तेवढं ठरत नव्हतं.

हैबतीकाकाला ती आल्याचा आनंद मावत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळताना तो म्हणाला, "डॉक्टरीणबाय, आमच्या म्हशीला पन तपासा. लाथ मारते ती, तेच्यावर काय गोळी हाय काय?"

"तुम्हाला मारते ना? मग म्हैस बरी आहे," सेजल म्हणाली.

काका हसत वरच्या कलमांकडे गेला. आंबा मोहरला होता. सेजल माळ्यावर चढून झोपली. परीक्षेपासून तिची झोप नीट झालीच नव्हती.

तिला जाग आली ती काकीच्या हाकेने. काका ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. घामाने निथळत होता, हात कापत होते, बोलणं जिभेवर अडकत होतं.

"काय झालं काकी?"

"तरी मी सांगत व्हते. सकाळी औषध जास्त घेतलं ह्यांनी. मी म्हनलं एवढं नको, तर आयकतात कुठं?"

काकाला साखरेचा आजार. त्याच्या गोळ्या देवळीत असायच्या. गोळ्या जास्त, पोटात काही नाही, वर डोंगर चढलेला. रक्तातली साखर उतरली. म्हणून घाम, म्हणून कंप, म्हणून बरळणं. एका कारणाच्या टोकाला दुसरं नीट लागत गेलं. कित्येक महिन्यांनी सेजलचं डोकं स्वच्छ चाललं. तिने काकीला साखरेचं पाणी करायला लावलं, काकाला आडवं केलं, आणि तो कुडकुडतोय असं वाटून त्याच्या अंगावर जाड गोधडी घातली. चारी बाजूंनी दाबून बसवली.

"आता येईल ताळ्यावर. जरा वेळ द्या," ती म्हणाली. काकीचा चेहरा एकदम सैल झाला. पोरगी घरात होती, देव पावला.

काकाने पाणी ओकलं. तिने पुन्हा थोडं पाजलं. त्याच्या तोंडाला लाळ सुटली. ती पुसत ती वाट बघत राहिली. साखर चढायला हवी होती. गणित बरोबर होतं, मग उत्तर का येत नव्हतं?

काकी उठली. "मी तवर पंप धुऊन येते. नायतर सुकून बसंल त्यात."

"कसला पंप?"

"औषधाचा गो! आंब्याला मारायचा. झाकनातनं गळतोय, तरी भरला ह्यांनी. बाटली सांगते त्याच्या दुप्पट घातलं. मघापासना तेच तर सांगते तुला, औषध जास्त घेतलं!"

सेजलने गोधडी ओढून फेकली. सदरा पाठीला चिकटला होता आणि त्या ओलीला घामाचा वास नव्हता. तिने काकाची पापणी वर केली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी होती. अंधाऱ्या ओटीवर ती मोठी असायला हवी होती. घाम, लाळ, उलटी, बाहुली. कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं. वहीत ओळीने लिहिलेली होती, तिच्याच अक्षरात. गोधडीखाली तिने ते विष त्याच्या अंगात मुरायला ठेवलं होतं.

"काकी, पाणी! साबण! भरतला हाक मारा!"

तिने सदरा फाडून काढला. पाठ लाल झाली होती. ओट्यावरच घागरीमागून घागर ओतत ती काकाला साबणाने घासत राहिली, पाठ, मान, केस. काका फक्त घरघरत होता. राहीबाई धावत आली आणि ओरडली, "अगो, आजारी मानसाला थंड पान्यानं न्हाऊ घालतेस? मारतेस काय त्याला?"

"बाटली आणा, औषधाची," सेजल म्हणाली. "आंब्याच्या औषधाची," तिने पुन्हा सांगितलं.

जीपमध्ये काकाचं डोकं तिच्या मांडीवर कुशीला वळवलेलं होतं. भरत वळणांवर नुसता हॉर्न दाबत होता. बाटलीवरचं नाव वाचलं आणि तिला रेणू दिसला. मधोमध फॉस्फरस, भोवती त्याचे हातपाय. तो शरीरातल्या कोणत्या एन्झाइमला कुठे जाऊन चिकटतो, कोणता तुकडा सोडून देतो, सगळं. याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. पण प्रश्नपत्रिकेवर पहिलं संयुग छापलेलं असतं. ते काय आहे, हे तिथे कोणी शोधायला सांगत नाही. इथे ते काकीच्या बोलण्यात होतं, ओल्या सदऱ्यात होतं, आणि तिने न बघताच बाण काढायला घेतले होते. पोलादपूर मागे गेलं. काकाच्या दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळायला लागले.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर अनुपमा मॅडमनी बाटली हातात घेतली आणि बघता बघता दोन सिस्टर कामाला लागल्या. सुई, विषावरचं अॅट्रोपिन, ऑक्सिजन.

"कपडे कधी काढले?"

"उशिरा. आधी मी साखरेचं पाणी पाजलं. गोधडी घातली."

मॅडमनी मान वर केली. "साखर का?"

"औषध जास्त घेतलं, असं म्हणाल्या काकी."

"कसलं औषध, ते विचारलं नाहीस?"

सेजलने नकारार्थी मान हलवली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता. काकाचा श्वास उथळ होत चालला होता. त्यांनी घशात नळी घातली, तिला हाताने दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा जोडला. व्हेंटिलेटर माणगावला मिळणार होता.

रुग्णवाहिकेत एकच सिस्टर होती, सारिका नावाची. इंजेक्शनं तिला द्यायची होती. तिने फुगा सेजलच्या हातात दिला. "मेडिकलला आहेस ना? दाब. सोड. माझ्याकडे बघू नको, त्यांच्या छातीकडे बघ."

सेजलने दाबलं. छाती वर आली. सोडलं, खाली गेली. काकी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. मधल्या खिडकीतून तिचा आवाज आला. "सेजल, जगतील ना गो?"

दाब. सोड. दासगाव आलं, खाडीचं पाणी चमकून गेलं. बोटं बधिर झाली, तेव्हा तिने हात बदलला आणि त्या बदलात एक श्वास चुकला की काय, या भीतीने ती छाती पुन्हा वर येईपर्यंत बघत राहिली. नापास झाल्याच्या दिवशीही अशी भीती तिला वाटली नव्हती. सिस्टरने पुन्हा सुई टोचली, बाहुली पाहिली, पुढची सुई भरून ठेवली.

लोणेरे गेल्यावर फुगा एकदा दाबलाच जाईना. आतून कोणीतरी अडवल्यासारखा. नळी तुंबली, असं तिला वाटलं. पण यावेळी तिने पुढचं काही ठरवलं नाही.

"सिस्टर, फुगा दाबला जात नाहीये. बघा ना."

सारिका सिस्टर वाकली, छातीवर तळवा ठेवून थांबली. फुगा सेजलच्या हातात आपोआप किंचित ओढला गेला.

"स्वतःचा श्वास घेतलाय," सिस्टर म्हणाली. "एकच आहे. त्यांनी ओढला की त्याच्या मागून दाब, अडवू नको. आणि थांबू नको."

सेजल थांबली नाही. काकाचा स्वतःचा पुढचा श्वास बराच वेळ आला नाही. ती त्याची वाट बघत दाबत राहिली.