तरी बरीच मराठी येते हो तुम्हाला

भिलाईजवळच्या दुर्ग स्टेशनवर पुण्याची गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात आईने ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि बाबा खिडकीचे गज धरून म्हणाले, "आपल्या देशात चालली तू. आता कोनाशी हिंदी बोलाचं काम नाही. पोचली का फोन करजो."

आपला देश म्हणजे महाराष्ट्र. बाबा भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून विशीत भिलाईला आले, स्टील प्लांटमध्ये लागले, रेल मिलमधून रिटायर झाले. मी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये वाढले. शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, पण दाराच्या आत फक्त मराठी. मी "पानी दो" म्हटलं की बाबांना ऐकूच यायचं नाही. "मले पाणी पायजे" म्हटल्यावरच पेला हातात यायचा. मी चिडून विचारायचे, "कावून एवढा हट्ट, बाबा?"

"आपलं होय ते, म्हणून."

पुण्यात ते आपलं मी सहा महिन्यांत टाकून दिलं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी "येऊन राहिली" म्हणाले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. एकाने तर दिवसभर त्याची नक्कल केली. मग मी कान देऊन ऐकायला लागले, बाथरूममध्ये घोकायला लागले. मले नाही, मला. तुले नाही, तुला. आज हे लिहिते आहे तेही त्याच घोटून पक्क्या केलेल्या मराठीत, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. माझ्यासारख्या भिलाईहून आलेल्यांनो, तुम्हीही हेच केलंत. मला माहीत आहे.

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मला भेटायला बाबा एकटेच आले. आयुष्यात पहिल्यांदा पुणे. स्टेशनवरून रिक्षात बसल्यापासून ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. "केशकर्तनालय! येथे वाहने लावू नयेत!" भोंगे, धूर, अंगावर येणारी गर्दी, कशाचाच त्यांना त्रास नव्हता. एका सिग्नलला दोन स्कूटरवाले हमरीतुमरीवर आले होते. बाबा माझा दंड धरून म्हणाले, "पाय वं, मराठीतच भांडून राहिले!" असे खूश झालेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू चहाला आल्या. बाबांनी स्वतः पोह्यांची बशी पुढे केली. "घ्या न बाई. पोरीनं केले. मले तं लय आवडते."

काकूंनी कौतुकाने मान वाकडी केली. "अय्या, तुम्ही हिंदी ना? तरी बरीच मराठी येते हो तुम्हाला!"

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं. मी म्हणाले, "बाबांचं सगळं आयुष्य बाहेर गेलं ना काकू. त्यांची मराठी जरा बिघडली आहे."

बाबांनी बशी खाली ठेवली. काकूंकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "जी, हम तो छत्तीसगढ़ के हैं।"

त्यानंतर ते पुण्यात मराठी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये नाही, दूधवाल्याशी नाही, माझ्याशीही नाही. दोन दिवसांनी मंडईत मी भेंडी निवडत होते. बाबांनी विचारलं, "भैया, टमाटर कैसे दिए?" शेजारी उभा असलेला एक तरुण गिऱ्हाईक, बाबांच्या निम्म्या वयाचा, आवाज चढवून म्हणाला, "काका, महाराष्ट्रात आलात ना? मग मराठीत बोलायचं."

बाबांनी हात जोडले. "माफ़ कीजिए।"

मी भेंडीची टोपली आपटली आणि त्या माणसाच्या अंगावर धावूनच गेले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही. माणसं थांबून बघत होती. बाबांनी माझं मनगट पकडून मला बाजूला ओढलं.

"उस पर क्यों चिल्ला रही है? मेरी मराठी बिगड़ी हुई है, ये तो तूने बताया था।"

दुसऱ्या दिवशीचं तिकीट त्यांनी स्वतःच काढलं.

फोनवरही तेच चालू राहिलं. "हाँ बेटा। सब ठीक है।" मागून आईशी बोलताना ऐकू यायचे, "कूकर बंद कर वं." मग पुन्हा माझ्याशी हिंदी.

दिवाळीला मी भिलाईला गेले. बाबांनी सिविक सेंटरच्या बाजारातून माझ्या आवडीची मिठाई आणली होती. "ले बेटा," म्हणून पुडा पुढे केला, आणि माझा तोल गेला. मी तो घेतलाच नाही.

"बाबा, माझ्याशी मराठीत बोला!"

ते खुर्चीत बसले. बराच वेळ चपलांचे पट्टे सोडत होते. मग म्हणाले, "तुह्या मराठीत बोलू का माह्या?"

"तुमच्या."

"तं मंग तू बोल पयले."

मी तोंड उघडलं आणि "मला" बाहेर पडलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा सुरुवात केली. "मले... मले राग आलाय."

"आला म्हण. मले राग आला." ते हसत नव्हते.

"मले राग आला."

"कोनावर?"

"त्या बाईवर. मंडईतल्या त्या माणसावर. तुमच्यावर बी. एवढं जपाले लावलं, पन बाहेर लोक हसतीन, हे कावून नाही सांगतलं?"

"मले तरी कुठं मालूम होतं?" बाबा म्हणाले. "मी बी तं पयल्यांदाच गेलतो."

आई म्हणाली, "आता जेवून घ्या दोघं बी. भांडा मंग."

आम्ही जेवलो आणि खरंच भांडलो. बाबांनी मला तीन वेळा सुधारलं, मी दोनदा ताटावरून उठले. मी परत बसले की ते पुन्हा बोलायला लागत, आणि मराठीतच. मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं, तर ते ताट डोळ्यांपुढे येतं.

पुण्यात मी अजूनही राहते. काकू भेटल्या की आता मले-तुले करूनच बोलते. त्यांना वाटतं, मी चेष्टा करते. परवा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "काय गं, हे काय नवीन?"

"नवीन नाही होय काकू," मी म्हणाले. "हे माह्या बापाचं होय."

त्या खाली पाहत राहिल्या. मी नाही.