हिराक्काच्या शाळूची मुळं

भादवा सरत आला की दरवर्षी माझ्या फोनवर हिराक्काचं नाव उमटायचं. "सायेब, पेरायचं बगतोय. जरा ऐका," एवढी प्रस्तावना झाली की अर्धा तास निश्चित. मी नोकरीत असताना हा फोन कचेरीत यायचा, निवृत्त होऊन सांगलीत घरी बसल्यावर घरी यायला लागला. यंदाही नाव उमटलं, म्हणून चहाचा कप बाजूला ठेवून मी जरा मोठ्यानेच "बोला आक्का" म्हणालो, तर पलीकडे पुरुषाचा आवाज. "मी नाना बोलतोय, तिचा दीर. वैनी गेल्या, सायेब... परवा पहाटं." काय झालं, कधीपासून आजारी होत्या, हे मी विचारलं असावं, कारण नाना काहीतरी सांगत होते. मला मात्र एवढंच आठवतं की चहावर साय धरली होती आणि बायको दारात उभी राहून खुणेने विचारत होती, कोण म्हणून.

दहाव्याला मी गेलो नाही. गुडघे दुखतात, एसटी बदलावी लागते, अशी कारणं होती आणि ती खरीही होती. पण खरं कारण निराळं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हिराक्काविषयी लिहिणं म्हणजे नुसती फुलं वाहणं होईल. तिला तसली फुलं आवडली नसती.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझी कृषी सहायक म्हणून माण तालुक्यात बदली झाली. मी जन्मापासून उसाच्या पट्ट्यातला. कोरडवाहू शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मी पुस्तकात वाचलेला आणि ताटात खाल्लेला, मधलं काही पाहिलेलं नव्हतं. म्हसवडच्या पुढे एका वस्तीवर हिराबाई एकटीने शेती करायची. नवरा मुंबईत बाजारात हमाली करायचा, चैत्रात नाथाच्या यात्रेला आणि दिवाळीला यायचा. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. सगळी वस्ती तिला हिराक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. उंच, काटक बाई. समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. पहिल्या भेटीत माझे हात बघून म्हणाली, "सायेब, तुमी नांगर धरला न्हाई कवा." मी नाही म्हणालो. "मग बसा, च्या घ्या," म्हणाली.

तिच्या ओढ्याकडच्या पट्टीत त्या साली शाळू कणीस भरायच्या वेळेला आडवा झाला होता. उरलेली ताटं वरून उभी दिसत, हात लावला की बुडातून मोडत. वाळलेली पानं वाऱ्यावर वाजत, म्हणून या रोगाला खडखड्या म्हणतात. मी ताट चिरून आतली काळी बारीक ठिपकी दाखवली, बुरशी जमिनीत राहते हे समजावलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने उपाय सांगितला : पिकाचा फेरपालट. शाळूवर शाळू घेऊ नका, पुढच्या रब्बीला इथे हरभरा करा, बुरशीला खायला मिळणार नाही, आपोआप मरेल. तिने विचारलं, "आन् तिनं हरबराच खाल्ला तर?" मी हसलो. पुस्तिका माझ्या पिशवीत होती आणि त्यात फेरपालट असं ठळक छापलेलं होतं. कोणता रोग आणि कोणतं पीक, हे बारीक अक्षरात होतं, ते मी वाचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी हरभरा घाटे धरायच्या बेताला ठिकठिकाणी वाळला. मी एक झाड उपटून कागदात गुंडाळलं आणि माझ्या जुन्या शिक्षकांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी मूळ नखाने सोललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विद्यार्थी झालो. बुरशी तीच होती. ती शाळूही खाते, हरभराही खाते, आणखी कितीतरी पिकं खाते. मी रोगाला दुसरं ताट वाढून आलो होतो. मास्तरांनी विचारलं, "शेतकऱ्याला सांगितलंस का?" मी म्हणालो, "सांगतो." आणि महिनाभर त्या वस्तीकडे फिरकलो नाही.

शेवटी तीच आली. तिकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटून काढतात, त्यामुळे त्या बायकांच्या हातांना मुळांची ओळख असते. हिराक्काने चांगल्या रानातला शाळू, पडलेला शाळू आणि वाळलेला हरभरा अशी तिन्ही मुळं पदरात बांधून आणली होती. माझ्या टेबलावर तिने ती ओळीने मांडली आणि बोट ठेवलं. "ह्ये आन् ह्ये एकच हाय न्हवं?" मी हो म्हणालो. "तुमाला कवा कळलं?" मी खरं ते सांगितलं. तिने मुळं पुन्हा पदरात बांधायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग तिने जे सांगितलं त्यात माझ्या चुकीपेक्षा मोठं काहीतरी होतं. दोन हंगाम ती पट्टी बुडाली म्हणून घरात बोलणं निघालं होतं. बाईमाणसाला रान झेपत नाही, आता ओढ्याकडचं मी करतो, वैनीला धान्य देतो, असं नानांनी मुंबईला कळवलं होतं, आणि नवऱ्याचं मन तिकडे झुकत होतं. ती पट्टी तिने लग्नानंतर दगड वेचून वेचून केली होती. "मी कुटं चुकले म्हनून रातध्याड इचार केला," ती म्हणाली. "पानी कमी पडलं का, पेरताना पाभर खोल गेली का. आता कळलं. तुमी चुकलासा, ह्ये मला सांगून काय उपेग, सायेब? यात्रंला मालक येनार हायती. तवा घरी या आन् त्या दोगांच्या म्होरं सांगा. एवडंच करा."

मी येतो म्हणालो. यात्रेच्या दिवशी सकाळी कपडे करून तयारही झालो. मग मोटारसायकल वस्तीकडे न वळवता दहिवडीला गेलो, कचेरीत बसलो आणि कुणी विचारलं तर बैठक होती म्हणायचं असं ठरवून टाकलं. बैठक नव्हती. नोकरी नवी नव्हती, कोणी मला काढून टाकणार नव्हतं. दोन माणसांपुढे "माझं चुकलं" म्हणायची लाज वाटली, याहून मोठं कारण आजही मला सापडत नाही. ओढ्याकडची पट्टी नानांकडे गेली. जूनमध्ये माझी बदली पलूसला झाली आणि सुटलो म्हणून मी पेढे वाटले.

त्याच वर्षी भादव्यात तिचा पहिला फोन आला. मी घाबरत उचलला. "सायेब, बियाला चोळायची ती हिरवट पूड, तिचं नाव काय वो?" ट्रायकोडर्मा, मी म्हणालो. तिने दोनदा म्हणून घेतलं. यात्रेच्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही कधी नाही. पुढे दरवर्षी ती विचारत गेली आणि मी वाचून, विचारून, मगच सांगत गेलो. पण खरं सांगायचं तर शिकवत तीच होती. रोगट धसकटं, म्हणजे उपटलेल्या ताटांचे मुळांकडचे बुडखे, आपण जनावरांखाली टाकतो, ती उकिरड्यात जातात आणि शेणखताबरोबर सगळ्या रानात पसरतात, हे तिने स्वतःच्या गोठ्यात उभं राहून ओळखलं. तेव्हापासून त्या रानाची धसकटं ती वेगळी काढून जाळायची. ताटं विरळ ठेवायची, युरियाचा हात आखडता घ्यायची, ओल टिकावी म्हणून कोळपणीला चुकायची नाही, आणि विहिरीला पाणी असेल त्या साली गहू करून बघायची. पीक कुठलंही असो, मुळं उपटून बघितल्याखेरीज पुढच्या साली तिथे काय पेरायचं हे ठरवायचं नाही, हा तिचा नेम. तीन वर्षं शाळू पाडून घेतल्यावर नानांनी ओढ्याकडची पट्टी काही न बोलता तिला परत दिली. रोग संपला नाही, पण आटोक्यात राहिला. हेही तिने मला सहज, पावसापाण्याच्या ओघात सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी गेलो. नाना आता म्हातारे झालेत, ऐकायला कमी येतं. भिंतीशी हिराक्काचा फोटो, त्यावर सुकलेला हार. मी बसलो आणि जे पंधरा वर्षांपूर्वी सांगायचं ते जरा मोठ्या आवाजात सांगितलं. हरभरा करा असं मीच म्हणालो होतो, चूक माझी होती, वहिनींची नव्हती. नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"वैनीनंच. त्या यात्रंत सांगितलं, दादाच्या म्होरं. आमी न्हाई मानलं. म्हनलं, सायबाचं चुकलं आसतं तर सायेब आला आसता की."

नाना उठून आतल्या खोलीत गेले. तिथे खुंट्यांवर मुळांच्या पेंड्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला निराळ्या लुगड्याची चिंधी, म्हणजे कुठलं रान ते कळावं. ओढ्याकडच्या पट्टीची यंदाची पेंडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "आजारात तिचं बगायचं ऱ्हाऊन गेलं. काळं हाय का बगा. पेरनी आलीय तोंडावर." मी चष्मा लावला, खिडकीशी गेलो, एकेक मूळ नखाने सोललं. काही ठिकाणी काळपट होतं. ते बुरशीचं की नुसतं वाळल्याचं, मला ठरवता येईना. नाना माझ्याकडे बघत उभे होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत शेतकऱ्यापुढे मी एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

"मला नक्की सांगता येत नाही, नाना. तपासून आणतो."

वाटलं, म्हातारा हसेल. ओल उडायला लागली की माणमध्ये एकेक दिवस महाग असतो. पण नानांनी मान हलवली. "आना तर. तवर त्या पट्टीत पाभर घालत न्हाई." मग त्यांनी पेंडी फडक्यात घेतली, त्यावर दुसरं फडकं गुंडाळलं आणि घट्ट गाठ मारली. "वाटंत सोडू नका," म्हणाले. "ही माती दुसऱ्याच्या रानात सांडल्याली वैनीला खपायची न्हाई."