तेलवाल्या बबनच्या गावाला

रविवारी सकाळी सूसहून निघाले, तेव्हा डिकीत माझा स्वतःचा सीलबंद तेलाचा डबा होता आणि डोक्यात संशय. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. मूळची मी सोलापूरची, पण सोलापूरला उगाच बोल नको. हा गुण माझा एकटीचा.

गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, टर्बोवाली. आधीच्या मालकाने तिची ताकद वाढवून घेतली होती आणि तो परदेशी निघून गेला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. भलत्याच वेगाने फिरतो आणि जगतो तो तेलावर. तेलाची हेळसांड झाली की आधी पंखा जातो, मग इंजिन. हे सगळं मला बबनने शिकवलं. बबन आमच्या जवळच्या गॅरेजात मेकॅनिक होता. दोन महिन्यांपूर्वी माझ्यामुळे त्याची नोकरी गेली.

झालं असं की, त्याने तेल बदलून दिल्यावर मी दर रविवारी सोसायटीत इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून बघायचे आणि तेल कमी दिसायचं. हा माणूस तेल हातचं राखून भरतो आणि उरलेलं विकतो, अशी माझी खात्री पटली. मी गॅरेजात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणाले. मालकाने त्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. पुढे मी स्वतःच दर रविवारी तेल ओतू लागले. तरी गाडी निळा धूर सोडायला लागली, चढावर धापा टाकायला लागली. नवा मेकॅनिक म्हणाला, टर्बो गेला, नवा बसवा. त्याच्यावर तर माझा बबनइतकाही विश्वास नव्हता. या इंजिनाची नस ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो आता मुळशीत आपल्या गावी होता.

नांदे, चांदे मागे टाकून घोटावडे फाट्यावर चहाला थांबले. शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर माझ्या धुराकडे बघत म्हणाला, "डास मारायला निघालीया का गाडी?" मी हसले नाही. चहा संपवून चारही चाकं मात्र नीट बघून घेतली. पौडच्या पुढे एका म्हाताऱ्याने "डाव्या अंगानं जावा" म्हणून सांगितलं. इतक्या घाईने रस्ता सांगणारा माणूस मला पटला नाही. मी उजवीकडे गेले आणि थेट एका खाचराच्या (बांध घातलेल्या भातशेताच्या) कडेला जाऊन अडकले. गाडी मागे घेऊन परत आले, तर म्हातारा तिथेच उभा. त्याने पुन्हा डावीकडे हात केला.

पुढे झाडांमधून धरणाचं पाणी दिसायला लागलं. भात कापून झाला होता. उन्हात पेंढ्याचा गोडसर वास होता. एरवी मी थांबून फोटो काढले असते, पण आज सगळं लक्ष आरशातल्या धुराकडे. गावात बबनचं घर सापडलं. तो अंगणात उभा होता. मला बघून जागचा हलला नाही.

आता गंमत अशी, की टर्बोची गाडी लांबून आली की लगेच बंद करायची नसते. दोन मिनिटं तशीच चालू ठेवून पंखा निवू द्यायचा. हे त्यानेच शिकवलेलं. त्यामुळे मी काचेच्या आत, तो काचेच्या बाहेर, आणि मधे इंजिनाची घरघर. एकमेकांकडे बघत ती दोन मिनिटं आम्ही काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी बंद करून उतरले. बबन म्हणाला, "शिकवलेलं इसरला न्हाईत."

मी धुराचं सांगितलं. सूड म्हणून हा इंजिनात काहीतरी टाकेल, या भीतीने त्याच्या हातांवरून नजर काढत नव्हते. तो म्हणाला, "आदी गाडी सपाटीला घ्या." पण डोंगरातल्या गावात सपाट काय असणार? एकच जागा होती, खळं (भात झोडायला चोपून सारवलेली जमीन). तिथे गाडी कशी न्यायची, म्हणून तो थांबला. त्याची आई सूप खाली ठेवून म्हणाली, "झोडणी झालीया. ट्रॅक्टर फिरतोय खळ्यात, मंग मोटारीनं काय घोडं मारलंय?" मग माझ्याकडे वळली. "तू मातर चपला काढ, बाई."

तेल खाली उतरेपर्यंत तो थांबला. मग पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली, ओढली आणि माझ्यापुढे धरली. तेल वरच्या खुणेच्याही चांगलं दोन बोटं वर होतं.

"कोन वततंय?"

"मीच. कमी दिसतं म्हणून."

"गाडी कुटं उभी करून बगता?"

"सोसायटीत."

"त्या चढावर? नाक वर करून?"

आमची सोसायटी सूसच्या टेकडीच्या उतारावर आहे. गाडी तिरकी उभी, तेल इंजिनात मागे सरकलेलं; पट्टीला ते कमीच लागणार. दर रविवारी मी चोरी पकडत होते आणि चोरीच झालेली नव्हती. उलट माझ्याच हाताने इंजिन तेलात बुडवलं होतं. तेच जास्तीचं तेल टर्बोत शिरून जळत होतं.

त्याने जास्तीचं तेल काढून घेतलं, टर्बोचा पाइप सोडवून पंख्याची दांडी बोटाने हलवून पाहिली. "शाबूत हाय. नवा बशीवला असता तर फुकाट गेला असता." गाडी सुरू केली. थोडा वेळ धूर आला, मग विरत गेला.

आईने तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. मी माफी मागितली. बबन भाकरी मोडत म्हणाला, "पौडात दोन गॅरेजांत कामाचं इचारलं. तेलवाला म्हंत्यात मला. तुमची माफी हितं घरात ठिऊन काय करू? जितं चोर म्हनलात तितं जाऊन सांगा. लोकं असताना."

येताना घाट, पाणी, डोंगर काही दिसलं नाही. चढावर गाडी झकास ओढत होती आणि मला त्याचीही लाज वाटत होती.

थेट बबनच्या जुन्या गॅरेजात गेले. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. मी काय सांगायला आले ते कळल्यावर मालक हळूच म्हणाले, "मॅडम, आत केबिनमधे बसून बोलू ना." पाय केबिनकडे वळलेही होते. पण मी बाहेरच उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बबनने तेल चोरलं नाही. मी गाडी चढावर ठेवून तेल मोजत होते. चूक माझी. त्याला परत बोलवा."

मालक मान खाली घालून पावत्या चाळू लागले. बाकावरचे एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "ओळखीच्या दिसतात त्याच्या."

मी त्याला चोर म्हणाले होते, तेव्हा माझी ओळख कुणी विचारली नव्हती.