शोकेसमधले बेडूक

अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, मी आयुष्यात एकदाच तोंड सोडलं. तेही ते कुवेतमध्ये, अहमदीला माझ्याकडे पाहुणे म्हणून आलेले असताना.

अण्णा नाशिकजवळच्या आमच्या गावच्या तळ्यात मरळ धरायचे. हा मासा कमळाच्या पानांखाली दबा धरून बसतो, त्याला आमिष म्हणून जिवंत बेडूक लागतो. त्या बेडकांसाठी अण्णा गुडघाभर चिखलात उतरायचे. गुडघे गेलेत, चिखल बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतील तर ते अण्णा कसले.

म्हणून मी कंपनीतल्या एका अमेरिकन सहकाऱ्याकडून मऊ प्लॅस्टिकचे बेडूक मिळवले. त्याने माझ्या अंगणात कमळाची पानं म्हणून कागदी ताटल्या मांडल्या आणि शिकवलं. गळाचं टोक बेडकाच्या अंगातच लपवायचं, म्हणजे पानात अडकत नाही. बेडूक पानावर टाकायचा, जरा थांबायचं, मग हळूच ओढून कडेवरून पाण्यात सोडायचा. मासा उसळला तरी लगेच हिसका द्यायचा नाही, दोरीला ओढ लागू द्यायची. महिनाभर मी ताटल्यांवर बेडूक फेकत होतो आणि शेजारी फिदीफिदी हसत होते. मग तीन पानी पत्र लिहून, सुट्टीवर निघालेल्या एकाबरोबर डबा गावी धाडला.

दर शुक्रवारी फोनवर विचारायचो, लागली का मरळ? "बघतो," एवढंच उत्तर.

वर्षभराने अण्णा कुवेतला आले ते तोच डबा घेऊन. "रंग उतरलाय रे, तुझ्या साहेबाला दाखव." आत सगळे बेडूक एकमेकांत विरघळून चिकट गोळा झाला होता. एकालाही पाणी लागलं नव्हतं. आल्यागेल्याला दाखवायला शोकेसमध्ये ठेवले होते म्हणे.

"म्हणजे वर्षभर तुम्ही चिखलातच?"

"एवढ्या लांबून आलेली वस्तू पाण्यात कशी घालायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय शोभेची खेळणी पाठवली होती? सुजलेले गुडघे समोर दिसत होते. बायको डोळ्यांनी खुणावत होती, तरी मी बोलत सुटलो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग सोफ्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मी देश सोडताना त्यांनी आठवडाभर तासून, गळ बांधून दिलेली बांबूची काठी तिथे दोन खिळ्यांवर होती. समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर. पाहुण्यांना मी ती कौतुकाने दाखवायचो.

"हिने काय काय धरलंस?"

तिच्या गळालाही कधी पाणी लागलं नव्हतं.

"काढ खाली," अण्णा म्हणाले. "मला सोफ्यावर चढवत नाही."